पोटखराब्यांतला इतिहास

इतिहास हा शब्द काढला कीं आमच्या शेतकरी व कारागीर बांधवांच्या डोळ्यांपुढें कागद उभा राहतो. मोडी अक्षराचा, कडा झिजलेला, कोणाच्या तरी माडीवरच्या पेटींत फडक्यांत बांधून ठेवलेला. ज्याच्या घरीं पेटी त्याच्या घरीं इतिहास, आणि ज्याच्या घरीं नांगर, चाक, भाता किंवा होडी त्याच्या घरीं नुसते कष्ट, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या पक्की झालेली आहे. ही समजूत रत्नागिरी शहरांतील एका लहानशा मंडळीनें गेल्या दहापंधरा वर्षांत चांगलीच हलवून सोडली. त्या मंडळीच्या कामाविषयीं चार शब्द लिहावे, आणि त्या कामामुळें आम्हां खेड्यांतल्या लोकांवर जी जबाबदारी येऊन पडली आहे तिच्याविषयीं आठ शब्द लिहावे, असा आजचा हेतु आहे.

रत्नागिरी हें समुद्रकांठचें, जिल्ह्याच्या कचेऱ्यांचें गांव. तेथें ‘निसर्गयात्री’ नांवाची संस्था आहे. नांवावरूनच दिसेल कीं ही मंडळी इतिहासाची गादी मांडून बसलेली नव्हती. सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे हीं त्यांतलीं दोन नांवें आतां बरींच प्रसिद्ध झालीं आहेत. हे सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे अंमलदार नव्हेत कीं विद्यापीठाच्या खुर्चीवरचे पंडित नव्हेत. रत्नागिरी व राजापूर तालुक्यांतले सडे त्यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं हजारों किलोमीटर पायांखालीं घातले आणि कातळावर कोरलेलीं जुनीं चित्रें एकामागून एक उजेडांत आणलीं. त्यांस आतां कातळशिल्पें म्हणतात. पूर्वीं अशा जागा विद्वानांस बोटांवर मोजण्याइतक्याच ठाऊक होत्या. आज चित्रांची मोजदाद हजाराच्या पुढें गेली आहे.

घाटावरच्या वाचकांनीं सडा पाहिला नसेल, म्हणून थोडें सांगतों. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा सपाट, उघडा कातळ. दगड जांभा, रंगानें तांबडा-काळा. उन्हाळ्यांत पाय भाजतो, पावसाळ्यांत त्याच कातळावर बोटभर मातींत फुलांचे गालिचे होतात आणि खोलगट जागीं तळीं सांचतात. जांभ्याची गंमत अशी कीं जमिनीच्या आंतला दगड ताजा काढला तर मऊ असतो आणि वारा-ऊन लागेल तसतसा कठीण होत जातो. म्हणून तर आमचीं घरें त्याच्या चिऱ्यांचीं. पण सड्याचा अगदीं वरचा थर युगानुयुगें उन्हापावसांत असा टणक झालेला असतो कीं आमच्या गांवचे लोहारदादा म्हणतात, त्यावर छिन्नी मारली तर छिन्नीच माफी मागते. अशा कातळांत हीं चित्रें कोरलेलीं आहेत.

राजापूर तालुक्यांतील कशेळीच्या सड्यावर एक हत्ती आहे. लांबी सुमारें १८ मीटर, रुंदी सुमारें १३ मीटर. आमच्या शाळेच्या दोनतीन वर्गखोल्या त्याच्या अंगांत सहज बसतील. आणि त्या हत्तीच्या पोटांत आणखी कितीतरी लहान प्राणी कोरलेले आहेत. एवढें मोठें चित्र काढणाऱ्याला तें एका नजरेंत दिसत नाहीं हें लक्षांत घ्यावें. तो चित्रावरच उभा असतो. शाळेच्या पटांगणांत चुन्यानें महाराष्ट्राचा नकाशा काढावयास मुलांस सांगा, म्हणजे कोंकणपट्टी कशी फुगते आणि विदर्भ कसा आखडतो तें दिसेल. कशेळीच्या त्या कारागिराचा हत्ती मात्र हत्तीच राहिला. बारसूच्या सड्यावर एक मनुष्य उभा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंस दोन वाघ. इतरत्र मासे आहेत, हरणें आहेत, आज कोंकणांत औषधालाही न मिळणारा गेंडा आहे.

हीं चित्रें किती जुनीं याविषयीं विद्वानांत अद्याप एकमत नाहीं. कांहीं जण दहा हजार वर्षांपर्यंत मागें जातात. प्राणी आहेत, मासे आहेत, परंतु नांगर नाहीं, बैलजोडी नाहीं, शेत नाहीं. यावरून शेती सुरू होण्यापूर्वींच्या शिकारी लोकांचें हें काम असावें असा कयास राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे त्या वेळचे प्रमुख डॉ. तेजस गर्गे यांनीं २०१८ सालीं बोलून दाखविला होता. तो खरा ठरला तर या कामांत लोखंडाची छिन्नी नव्हती असें म्हणावें लागेल. दगडानेंच दगड झिजवावयाचा. आमच्या पाथरवट बांधवांनीं हें वाचून आपल्या हातांकडे एकवार पाहावें. ज्यानें हें केलें त्याला कोणत्या राजानें सनद दिली नव्हती, आणि त्याच्या जातीचें नांव आज कोणी सांगूं शकत नाहीं. तो होता आपल्यासारखाच हातानें काम करणारा, एवढें मात्र खास.

असो. आमच्या मतें या मंडळीचा खरा शहाणपणा शोधण्याच्या रीतींत आहे. ती रीत म्हणजे विचारणें. सड्यावर कोण जातो ? गुरें राखणारा जातो, गवत कापणारी बाई जाते, लाकूडफाट्याला जाणारा जातो. माती नि गवत यांच्याखालीं दडलेली रेघ त्यांच्या पायांना ठाऊक असते. तेव्हां या मंडळीनें त्यांना विचारलें. शाळांकडे गेले आणि मुलांना सांगितलें कीं घरीं जा, आजोबांना विचारा, आजीला विचारा, गांवांतल्या जुन्या माणसांना विचारा कीं कातळावर कुठें चित्रें पाहिलीं आहेत का. लोक स्वतः होऊन फोटो पाठवूं लागले. इतिहास संशोधनाचें असें कलम आम्हीं पूर्वीं ऐकलें नव्हतें : पंडितानें सांगावें आणि कुणब्यानें ऐकावें ही उतरंड उलटी झाली. कुणब्यानें सांगितलें आणि शहरच्या माणसानें वही काढून लिहून घेतलें.

आमच्या शाळेंतही आम्हीं हा प्रयोग केला. चित्र कांहीं सांपडलें नाहीं, पण मुलांनीं पाटी भरून नांवें आणलीं. सड्याच्या कोणत्या तुकड्याला काय म्हणतात, कोणत्या खळग्यांत माघापर्यंत पाणी टिकतें, वाघानें पाडस नेलें ती घळ कोणती, वरीचें पीक कोणत्या खांचेंत होत असे. यांतलें एकही नांव भूमापन खात्याच्या नकाशावर नाहीं. एका आजीनें नातीला सांगितलें, “हें आजवर कोणी विचारलंच नाहीं गो, म्हणून सांगितलं नाहीं.” काखेंत कळसा आणि गांवाला वळसा ही म्हण आमच्याच आजीपणजींनीं केलेली, आणि कळसा त्यांच्याच काखेंत होता.

वर्तमानपत्रें लिहितात कीं कातळशिल्पांचा ‘शोध लागला’. लिहोत बापडीं. वास्को द गामानें १४९८ सालीं हिंदुस्थानचा शोध लावला असेंही पुस्तकांत छापीत असत. जणूं त्याचें गलबत लागण्यापूर्वीं येथें कोणी राहतच नव्हतें! सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कुडोपी म्हणून गांव आहे. तेथल्या सड्यावर मोठ्या प्रमाणांत आकृत्या आहेत. आतां गांवकरी त्या जागेला पूर्वींपासून काय म्हणत आले ? बाहुल्यांचें टेंब. म्हणजे चित्रें तेथें आहेत हें गांवानें नांवांतच लिहून ठेवलें होतें. सनद आणखी कोणती पाहिजे ? गोव्यांत कुशावती नदीच्या कांठीं फणसायमळ येथें कातळावर अशींच चित्रें आहेत. विद्वानांच्या दप्तरीं त्यांची नोंद १९९३ सालीं झाली, पण तेथले लोक तीं गुराख्यांनीं काढलीं असें त्याच्या पुष्कळ आधींपासून सांगत. देवीहसोळ येथें आर्यादुर्गेच्या देवळाजवळ कातळावर मोठी चौकोनी नक्षी आहे आणि देवीच्या उत्सवाशीं तिचें नातें गांवानें आपल्या परीनें जोडून ठेवलें आहे. गुराख्याच्या नांवानें सांगितलेली गोष्ट आम्हांस फार आवडते. इतर ठिकाणीं मात्र लोक म्हणतात, हें पांडवांनीं केलें. लेणें दिसलें कीं पांडवांचें, तळें दिसलें कीं भीमाचें. बिचाऱ्या पांडवांस वनवासांत एवढीं कामें होतीं तर त्यांस कौरवांशीं लढावयास सवड कशी मिळाली कोण जाणे ! सगळें पांडवांनीं केलें म्हटलें कीं आपल्या पूर्वजांच्या हातून कांहीं झालेंच नाहीं असें आपणच लिहून देतों. मुलांना घरीं सांगतांना एवढी एक खोड आपण सोडावी.

आतां कागदाच्या इतिहासाकडे वळूं. पुण्यांत १९१० सालीं भारत इतिहास संशोधक मंडळ निघालें. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं गांवोगांव पायपीट करून कागद मिळविले आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ छापलीं. त्यांच्या मतांशीं आमचें कितीही भांडण असलें तरी वाळवीच्या तोंडून कागद सोडविल्याचे उपकार आम्ही नाकारीत नाहीं. पण कागद मिळणार कोणाच्या घरीं ? ज्याच्या घरीं लिहिणें होतें त्याच्या. देशपांडे, कुलकर्णी, सरदार, जहागीरदार, सावकार. मग त्या कागदांत रयत दिसते ती कशी ? कोंकणांतल्या खोताच्या वहींत आमचे पणजोबा सांपडतात ते बाकीदार म्हणून. नांव, ठिकाण, येणें इतके मण, पावले इतके, बाकी इतकी. ते पीक कसें काढीत, आजाऱ्याला कोणता पाला देत, पोर गेलें तेव्हां कोणत्या झाडाखालीं बसून रडले, हें त्या वहींत यावयाचें कारण नव्हतें. १९४९ च्या कायद्यानें खोती गेली. वह्या मात्र राहिल्या, आणि त्या वह्यांतूनच इतिहास लिहिला तर आमचे वाडवडील जन्मभर बाकीदारच राहणार. जोतीरावांनीं १८६९ सालीं शिवाजी महाराजांचा पवाडा रचला आणि राजाला कुळंब्यांचा राजा म्हणून गाइलें, त्याचें मोल यासाठींच आहे. कागदाबाहेर पाहण्याची ती हिंमत होती.

कातळावर कोरलेल्या चित्रांना पेटी नाहीं, मालक नाहीं, मोर्तब नाहीं. तीं सड्यावर आहेत आणि सडा आमच्या सातबाऱ्यावर आहे. येथून पुढें खरी काळजी सुरू होते.

सातबाऱ्यावर सडा कसा लिहिलेला असतो ? पोटखराबा. म्हणजे लागवडीला नालायक जमीन. हा शब्द महसूल खात्यानें सारा आकारण्याच्या सोयीसाठीं काढला. पण शब्द फार दिवस वापरला कीं तो मनांत घर करतो. आमचेच बांधव म्हणूं लागले कीं सडा काय, दगड ! मग चिरेखाणवाला येतो. त्याला पोटखराबाच पाहिजे. यंत्राचें पातें कातळांत घातलें कीं दहा हजार वर्षांची रेघ एका तासांत चिऱ्याच्या आंत जाते, आणि तो चिरा कोठल्या तरी कुंपणाच्या भिंतींत बसतो. चिरेखाणीवर काम करणाऱ्या मजुरांना आम्ही दोष देत नाहीं. ते बहुतेक कर्नाटकांतून पोटासाठीं आलेले गरीब लोक आहेत, आणि खालीं काय आहे हें त्यांना कोणीं सांगितलें? दुसरा येतो आंब्या-काजूवाला. कातळ फोडून, खड्डे करून, वाहून आणलेली माती भरून हापूसचीं कलमें लावतात. कोणी कष्टानें बाग उभी केली तर आम्हांस आनंदच आहे. पण सुरुंग लावण्यापूर्वीं एक दिवस खराटा घेऊन कातळ झाडून पाहावा, इतकें मागणें गैर नव्हे. तिसरा येतो रस्ता. आणि चौथा येतो तो दलाल, ज्याच्या खिशांत उद्यांच्या प्रकल्पाची बातमी आजच असते.

बारसूचें उदाहरण ताजें आहे. २०२२ सालीं दिल्लीच्या सरकारनें युनेस्कोच्या तात्पुरत्या यादींत कोंकणांतलीं कातळशिल्पें घातलीं. नऊ जागा : कशेळी, रुंढेतळी, देवाचें गोठणें, बारसू, देवीहसोळ, जांभरूण, उक्षी या सात रत्नागिरी जिल्ह्यांतल्या, कुडोपी सिंधुदुर्गांतली आणि फणसायमळ गोव्यांतली. जगापुढें वारसा म्हणून बारसूचें नांव गेलें आणि त्यानंतर सुमारें वर्षभरानें, एप्रिल २०२३ मध्यें, त्याच बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यासाठीं माती तपासावयास यंत्रें आलीं. बायामाणसें भर उन्हांत कातळावर ठिय्या देऊन बसलीं. पोलीस आले, धरपकड झाली, अश्रुधूर झाला. कारखाना असावा कीं नसावा या वादाचा निकाल आम्ही या लेखांत लावीत बसत नाहीं. त्यावर गांवांतही दोन मतें आहेत आणि बेकार पोराच्या बापाचें म्हणणें ऐकल्याशिवाय शहाणपण सांगूं नये. पण एक गोष्ट उघड झाली. एकाच कातळाकडे एका कचेरीनें वारसा म्हणून पाहिलें आणि दुसऱ्या कचेरीनें ओसाड म्हणून. ज्याचें नांव सातबाऱ्यावर आहे त्याला मात्र दोन्ही कचेऱ्यांनीं शेवटींच विचारलें.

आतां दुसऱ्या बाजूची भीतिही बोलून दाखविली पाहिजे, कारण ती शहरच्या सभांत कोणी बोलत नाहीं. एक शेतकरी आम्हांस एकदां वाटेंत थांबवून हळूच म्हणाला, “गुरुजी, माझ्या कातळावर चित्र आहे असं वाटतं. पण कोणाला बोलूं नका. उद्यां खात्याचे लोक येतील आणि मला घरसुद्धां बांधूं द्यायचे नाहींत.” त्याला अडाणी म्हणणें सोपें आहे. पण त्याची भीति हवेंतली नाहीं. केंद्राच्या १९५८ च्या कायद्यांत २०१० सालीं दुरुस्ती होऊन असें ठरलें कीं केंद्रानें संरक्षित म्हणून जाहीर केलेल्या स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवें बांधकाम मना, आणि त्यापुढें आणखी २०० मीटरपर्यंत परवानगीशिवाय मना. ज्याची सगळी मिळून दोन एकर जमीन, त्याच्या कातळावर चित्र निघालें तर त्याचें घर, गोठा, विहीर सगळेंच त्या रेघेच्या आंत येणार. मग त्यानें रात्रीं माती ओढून चित्र झांकलें तर त्यांत नवल काय ? वारसा जपावयाचा खर्च सगळ्या देशानें करावयाचा सोडून एका अल्पभूधारकाच्या डोक्यावर टाकला, तर तो वारसा फार दिवस टिकत नाहीं.

म्हणून आम्ही दोन गोष्टी स्पष्ट सांगतों, त्या वाचकांनीं चावडीवर वाचून दाखवाव्या. युनेस्कोच्या तात्पुरत्या यादींत नांव आलें म्हणजे जमीन गेली असें नाहीं. ती यादी म्हणजे पुढें केव्हां तरी अर्ज करावयाचा आहे अशी नोंद. तिनें कोणाचा सातबारा बदलत नाहीं. आणि दुसरें, त्याच १९५८ च्या कायद्यांत मालकाशीं लेखी करार करून, मालकी त्याच्याकडेच ठेवून, स्मारक जपण्याची वाटही दिलेली आहे. राज्याचा वेगळा कायदा १९६० चा आहे. तेव्हां खात्याचा माणूस आला तर घाबरूं नये आणि कोऱ्या कागदावर अंगठाही देऊं नये. काय जाहीर होणार, कोणत्या कायद्याखालीं होणार, सीमा किती मीटर, भरपाई किंवा भाडें किती, राखणीचें काम कोणाला, हें लिहून मागावें.

गांवानें मनावर घेतलें तर काय होतें याचा दाखला रत्नागिरी तालुक्यांतल्या उक्षी गांवानें दिला आहे. तेथें एक मोठा हत्ती कोरलेला आहे. गांवकऱ्यांच्या मदतीनें त्याच्याभोवतीं जांभ्याच्या चिऱ्यांचा गोल कठडा बांधला गेला. वरून चक्कर मारून चित्र पाहावें, चित्रावर पाय पडूं नये. जो जांभा चित्र खाऊन टाकतो तोच येथें चित्राची राखण करतो. खर्च बेताचा, रीत साधी आणि गवंडी आपलेच. देवाच्या गोठण्याची गंमत आणखी वेगळी. तेथल्या सड्यावर होकायंत्र ठेवलें तर सुई आपली दिशा सोडून भलतीकडेच वळते असें अनुभवास आलें आहे. दहा-वीस रुपयांच्या होकायंत्रावर भूगोलाचा असा धडा दुसऱ्या कोणत्या वर्गांत मिळणार आहे ? शिक्षक बांधवांनीं मुलांस घेऊन जावें. मात्र जातांना तेथल्या गांवीं आधीं कळवावें, आणि परत येतांना कातळावर खडूनें स्वतःचीं नांवें लिहून येऊं नये. चित्र नीट दिसावें म्हणून रेघांत खडू नाहींतर पीठ भरण्याची एक नवी टूम निघाली आहे, तीही बंद झाली पाहिजे.

सरकारनें या कामासाठीं २४ कोटी रुपये बाजूला काढल्याचें २०१८ सालीं प्रसिद्ध झालें होतें. त्यांतले आपल्या गांवच्या वाट्याला काय आलें हें विचारण्याचा हक्क ग्रामसभेला आहे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. पुढें मोटारी येतील, पाहुणे येतील. तेव्हां सड्याखालच्या वाडींतल्या बाईनें भाकरी करून विकावी, पोरांनीं वाट दाखवावी, कुंभारानें मातीचा हत्ती करून ठेवावा. तो पैसा गांवांत राहिला पाहिजे. नाहींतर शहरचा कोणी तरी सड्याच्या तोंडाशीं टुमदार हॉटेल बांधील आणि आमचीं पोरें तेथें भांडीं घासावयास जातील. आयत्या बिळावर नागोबा आम्हीं पुष्कळ पाहिले.

निसर्गयात्री मंडळीलाही आमचें दोन शब्दांचें मागणें आहे, आणि तें आपलेपणानें आहे. तुम्ही विचारलेंत, म्हणून लोकांनीं दाखविलें. आतां दाखविणाऱ्याचें नांव लिहा. पुस्तकांत, फलकावर, जेथें जागेचें नांव येतें तेथें त्याच्या संमतीनें पहिलें नांव त्या गुराख्याचें, त्या म्हातारीचें, त्या जमीनमालकाचें असूं द्या. फलक आधीं मराठींत, तोही गांवच्या बोलींतल्या नांवांसकट. बाहुल्यांचें टेंब हें नांव फलकावरून गेलें तर इतिहासाचा एक कागद फाटला असें आम्ही समजूं. वर्तमानपत्रवाल्यांस मात्र हात जोडून विनंति कीं परग्रहावरच्या लोकांनीं हीं चित्रें काढलीं असल्या बाता छापूं नयेत. परग्रहाच्या नांवावर घाला कीं पांडवांच्या, येथल्या माणसाच्या हाताचें श्रेय जातेंच.

दुसरें मागणें मोठें आहे. दहा हजार वर्षांपूर्वींच्या माणसाविषयीं जी विचारपूस केलीत ती शंभर वर्षांपूर्वींच्या माणसाविषयींही करा. खोताच्या वेठीला गेलेले लोक कसे जगले हें आठवणारीं माणसें आतां बोटांवर मोजण्याइतकीं उरलीं आहेत. अलीबाग तालुक्यांत चरी येथें नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखालीं कुळांनीं १९३३ पासून वर्षानुवर्षें जमिनी पडीत ठेवल्या आणि संप चालविला. त्या घरांतल्या बायांनीं त्या वर्षांत चूल कशी पेटती ठेवली, हें कोणत्या वहींत आहे? कोंकणांतलीं घरेंच्या घरें मुंबईच्या गिरण्यांत गेलीं. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला आणि त्यांतले किती तरी बाप टोपी काढून गांवीं परत आले. त्यांचीं मनिऑर्डरीचीं कुपनें, त्यांचीं पत्रें, गिरणीचे बिल्ले अजून पत्र्याच्या ट्रंकांत आहेत. भाड्याच्या खोल्या सोडतांना, जुनें घर पाडून नवें बांधतांना या ट्रंका पहिल्यानें भंगारांत जातात. कातळ निदान कातळ आहे. माणसाची आठवण त्याहून फार लवकर झिजते. हें काम रत्नागिरीच्या एका संस्थेच्यानें होणार नाहीं. प्रत्येक शाळेनें एक वही घातली तर होईल.

शिमग्याला आणि मे महिन्यांत मुंबईकर गांवीं येतात. तेव्हां म्हातारीं माणसें ओटीवर असतात आणि विचारणारीं पोरेंही घरांत असतात. तोच हंगाम साधावा. पाऊस पडला कीं गवत वाढतें, मग दिवाळीपर्यंत सड्यावर कांहीं दिसत नाहीं. ज्या गांवच्या सड्यावर चित्र आहे किंवा असल्याचा संशय आहे त्या गांवानें १ मेच्या ग्रामसभेंत साधा ठराव घालावा : चित्राची जागा, गट नंबर, मालकाचें नांव व त्याची संमति, कोणीं प्रथम दाखविलें त्याचें नांव, आणि त्या जागीं चिरेखाणीला ग्रामपंचायत ना-हरकत देणार नाहीं असा शब्द. ठरावाची एक नक्कल तहसीलदाराला, एक पुरातत्त्व खात्याच्या रत्नागिरीच्या कचेरींत द्यावी आणि तिसरीवर पोंच घेऊन ती शाळेच्या कपाटांत ठेवावी. सभेला येतांना प्रत्येकानें आपला सातबारा बरोबर आणावा. गट नंबर तोंडी सांगितला तर ग्रामपंचायत अधिकारी हटकून चुकीचा लिहितो.